आधी फक्की, मग डांबर

मी ३२ वर्षं सरकारी रस्ते केले. ओव्हरसियर म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. या काळात डांबराच्या कडेला जिथे म्हणून मातीची पायवाट दिसली तिथे ती उकरून खडी भरली आणि रस्त्यात घेतली. एस्टिमेटवर ‘रुंदीकरण’ लिहिलं की कुणी प्रश्न विचारत नसे. मग दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलून घ्यावा लागला. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. काठी घेऊन बाहेर पडलो आणि लक्षात आलं, चालायला जागाच नाही. ती माझ्यासारख्यांनीच खाल्ली होती.

ती जागा परत कशी मिळवायची, ते पुढे लिहितोय. हे आमच्या गावातल्या एका रस्त्यावर करून बघितलेलं आहे. गाव तालुक्याचं, ऊसपट्ट्यातलं. रस्ता स्टँडपासून हायस्कूलपर्यंतचा, सातशे मीटर. तुमच्याकडेही असाच एखादा असेल. सकाळी सायकलवरची पोरं, दुपारी बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, संध्याकाळी आमच्यासारखे म्हातारे, आणि या सगळ्यांना कडेला रेटणाऱ्या मोटारसायकली. तुम्ही इंजिनिअर नसलात तरी चालेल. टेप धरता आला पाहिजे.

टेप भिंतीला लावा, डांबराला नाही

नागरिकांचे बहुतेक अर्ज ‘सदर रस्ता अरुंद असून रुंद करण्यात यावा’ असे सुरू होतात. अर्जदाराने मोजलेलं असतं फक्त डांबर, तेही डोळ्यांनी. तुम्ही ३० मीटरचा टेप घ्या, शाळेतली दोन पोरं आणि एक फुलस्केप वही घ्या, आणि रविवारी उजाडता उजाडता जा. या बाजूच्या कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा. दर विजेच्या खांबाला एक माप. खांबांवर नंबर असतात, तेच वहीत लिहा. ऑफिसात जाऊन ‘त्या पिंपळापाशी’ म्हटलं की समोरचा फाइल चाळत राहतो. खांबाचा नंबर सांगितला की तो मान वर करतो.

आमच्याकडे भिंत ते भिंत १५ मीटर निघाले. त्यात डांबर ९ मीटर. उरलेल्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मीटरमध्ये उघडं गटार, दुकानांच्या पायऱ्या, विजेची डीपी, कचऱ्याचा ढीग, दोन टपऱ्या आणि दुचाक्यांची रांग. रस्ता अरुंद नव्हताच. त्याची वाटणी चुकली होती.

मग मी वहीत नवी वाटणी मांडली. मधे गाड्यांना ६ मीटर, म्हणजे जायला तीन आणि यायला तीन. दोन्ही कडांना भिंतीलगत अडीच-अडीच मीटर फूटपाथ. फूटपाथ आणि डांबर यांच्यामध्ये दोन-दोन मीटरची पट्टी: त्यात झाडं, खांब, डीपी, भाजीवाल्या, दुचाकी पार्किंग, सगळं. बेरीज करून बघा, १५ येते. अडीच मीटर हा आकडा माझ्या मनचा नाही. आयआरसी १०३ या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेत वस्तीत किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेत २.५ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं. हे दुसरं माप सगळे विसरतात. कापड दुकानाबाहेर टांगलेले शर्ट नेमके नाकावर येतात.

‘सहा मीटरमध्ये दोन एसट्या कशा जाणार?’ हा पहिला प्रश्न येईल. एसटी अडीच मीटरच्या आसपास रुंद. दोन समोरासमोर आल्या तर जातात, हळू जातात. ते हळू जाणंच आपल्याला हवं आहे.

सायकलीसाठी वेगळा ट्रॅक का नाही, असं आमच्या हेडमास्तरांनी विचारलं. त्यांनी पुण्यातले ट्रॅक बघितले होते. मी म्हटलं, सर, १५ मीटरमध्ये दीड मीटरचा पट्टा रंगवला तर पहिल्याच आठवड्यात तो मोटारसायकलींचा होईल आणि दुसऱ्या आठवड्यात पार्किंगचा. माझं मत असं: गाड्यांचा वेग तीसच्या आत आणता येत असेल तर सायकल गाड्यांबरोबरच चालू द्यावी. गावाबाहेर पडताना रस्ता २४ मीटरचा होतो आणि गाड्या पन्नास-साठने सुटतात. तिथे मात्र रंगाची रेघ पुरत नाही, मधे कर्ब, म्हणजे काँक्रीटची उंच कड, किंवा झाडांची पट्टी घालून सायकलचा मार्ग वेगळाच काढावा लागतो.

वेग मोजायला गन लागत नाही

रस्त्याच्या कडेला बरोबर ५० मीटरवर दोन खडूच्या खुणा करा. मोबाइलमधलं स्टॉपवॉच उघडा आणि सावलीत बसा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की चालू, दुसऱ्या खुणेवर बंद. १८० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद लागले तर ३०, ३.६ लागले तर ५०. शाळा भरताना, सुटताना, भर दुपारी रस्ता रिकामा असताना आणि आठवडी बाजाराला, अशा चारही वेळी तीस-चाळीस गाड्या टिपा. दुपारचे आकडे बघून तुम्हीच चपापाल.

हे आकडे का महत्त्वाचे, तेही वहीत मांडून ठेवा. पन्नासच्या वेगात चालकाला दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर गाडी तेवढ्यात जवळपास १४ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे १४. एकूण २८. तीसच्या वेगात हेच अंतर सुमारे १३ मीटर. मधल्या पंधरा मीटरमध्ये एखादं पोर चेंडूमागे धावतं.

आता स्वतःचं चालणं मोजा. रस्ता ओलांडायला माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं आम्ही डिझाइनमध्ये धरायचो. मी काठी घेऊन ९ मीटर डांबर ओलांडून बघितलं: १४ सेकंद. सेकंदाला पाऊण मीटरही नाही. नोकरीत असताना ‘१.२’ किती सहज लिहीत होतो! सहा मीटर असते तर नऊ-साडेनऊ सेकंदांत पार झालो असतो.

याच वहीत आणखी एक काम करा. लोक कुठे ओलांडतात ते नकाशावर टिंबांनी दाखवा. झेब्रा पट्टे बहुधा चौकात आखलेले असतात आणि लोक ओलांडतात शाळेच्या फाटकासमोर, दवाखान्यासमोर, पाण्याच्या टाकीपाशी. लोकांना वळवू नका, पट्टे उचलून तिथे न्या.

रस्ता कुणाचा, हे आधी ठरवा

गावातला रस्ता नगरपरिषदेचा असेल, जिल्हा परिषदेचा असेल, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल किंवा राष्ट्रीय महामार्गाचा. चुकीच्या दारात अर्ज दिला तर तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ फिरत राहतो. किती फिरतो ते मला विचारा, मीच फिरवलेत. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून चार गोष्टी मागा: रस्त्याची मालकी, मंजूर रुंदी, शेवटचं डांबरीकरण कधी झालं, आणि त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो. उत्तराची मुदत ३० दिवस. दोष दायित्व चालू असेल तर खड्डे आणि खचलेल्या कडा ठेकेदाराने स्वखर्चाने नीट करायच्या असतात. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पोलीस ठाण्यातून मागच्या तीन वर्षांचे अपघातही मागा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघाताची धोकादायक जागा, ठरायला सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. तालुक्याच्या गावातला शाळेचा रस्ता त्या यादीत सहसा येत नाही, आणि यावा म्हणून थांबायचं तरी कसं? आपल्या रस्त्यावर काय घडतं ते वहीत लिहा: कडेवरून सायकल घसरली, रिक्षाचा आरसा लागला, आजी गटारात पडल्या. तारीख, वेळ, खांबाचा नंबर.

अर्जात दोन गोष्टींचा उल्लेख करायला हरकत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं म्हटलं आहे. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९८-अ: रस्त्याच्या डिझाइनचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. धमकीच्या सुरात लिहू नका. एका ओळीत संदर्भ द्या आणि पुढे चला, वाचणाऱ्याला कळतं.

आणि आता आतल्या माणसाचा सल्ला. नवीन निधी मागू नका. ‘सुशोभीकरणासाठी निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर छापून ठेवलेलं असतं. त्याऐवजी तुमचा रस्ता कुठल्या डांबरीकरणाच्या यादीत आहे ते शोधा आणि त्या एस्टिमेटमध्ये शिरा. नऊ मीटरऐवजी सहा मीटर कार्पेट, म्हणजे डांबराचा नवा थर, केलं की डांबराचा एक तृतीयांश खर्च वाचतो. तोच कर्ब आणि गटाराच्या झाकणांकडे वळवायचा. सगळं भागत नाही, पण सुरुवात होते. हे तांत्रिक मान्यतेच्या आधी व्हायला हवं. कार्यारंभ आदेश निघाल्यावर ड्रॉइंगमधली रेघ हलवणं म्हणजे लग्नाच्या दिवशी पत्रिका बघणं. वॉर्डाच्या नगरसेवकाला घेऊन शाखा अभियंत्याकडे जा, त्याला वही दाखवा. तो बहुधा तरुण असतो, पाच-सात कामं एकट्याने बघत असतो. तयार मापं कुणी आणून दिली तर तो खुर्ची पुढे सरकवतो.

फक्कीचा आठवडा

टेप आणि स्टॉपवॉचला कुणाची परवानगी लागत नाही, फक्कीला लागते. मैदानावर खो-खोची आखणी करतात ती चुन्याची फक्की. मुख्याधिकारी आणि पोलीस निरीक्षक यांना लेखी विचारून एका आठवड्यासाठी नवी वाटणी रस्त्यावर प्रत्यक्ष आखा. खर्च फार नाही: फक्कीची पोती, वाळू भरलेल्या सिमेंटच्या गोण्या, टायरवाल्याकडचे जुने टायर आणि पांढरा रंग.

आम्ही हायस्कूलच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिथे एक गल्ली मुख्य रस्त्याला मिळते आणि तो कोपरा इतका गोल केलेला होता की मोटारसायकलवाले ब्रेकला पाय न लावता वळत. वळणाची त्रिज्या मोजली तर बारा मीटर. गोण्या लावून ती चार मीटरवर आणली. पहिली मोटारसायकल आली, गोणीपाशी येऊन जवळजवळ थांबली, चालवणाऱ्याने आमच्याकडे बघितलं, शिवी मनात दिली आणि हळूच वळला. एवढंच हवं होतं. गल्लीचं तोंड ओलांडायला आधी सतरा पावलं लागायची, आता नऊ. उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर जोडलेले, त्या गल्लीत शिरत नाहीत म्हणून हे जमलं. तुमच्याकडे शिरत असतील तर कोपरा इतका आवळू नका. आधी एक ट्रॅक्टरवाला गाठा, चहा पाजा आणि गोण्यांमधून प्रत्यक्ष वळवून घ्या.

एक चूक माझी झाली. पहिल्या रात्री गोण्यांना परावर्तक पट्टी लावायची राहिली. साडेदहाला एक पोरगा मोटारसायकलसकट गोणीवर आला. पडला नाही, पण गोणी फुटली आणि माझी झोप उडाली. परावर्तक पट्टी, दोन्ही टोकांना लुकलुकणारा दिवा आणि रात्री एक माणूस, हे नसेल तर फक्कीचा खेळ मांडू नका. आणि वळवाच्या दिवसांत करू नका. आमची निम्मी रेघ तिसऱ्या दिवशी गटारात गेली.

आठवडाभर परत वेग मोजा, त्याच खुणांवर, त्याच वेळी. जुने-नवे आकडे एका पानावर लिहून दुकानदारांच्या बैठकीत ठेवा. विरोध त्यांचाच असतो, आणि त्यांची भीती खरी असते: गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक पुढे जाईल. वाद घालू नका. दुकानासमोर तासभर बसा आणि किती गिऱ्हाइकं पायी आली, किती दुचाकीवर, किती चारचाकीतून, हे त्यांनाच मोजायला सांगा. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला गाड्या बंद करून पादचारी दिन साजरा करतात, तेही दाखवा. पण ‘पुण्याचं पुण्यात’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

भाजीवाल्यांना उठवून फूटपाथ करायचा असेल तर माझा सल्ला घेऊ नका. त्या बसतात म्हणून त्या रस्त्यावर रात्री आठनंतरही दिवा असतो, माणूस असतो, आणि बाया निर्धास्त चालतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही बसायचा हक्क आहे. दोन मीटरच्या पट्टीत प्रत्येकीला दीड मीटर आखून दिलं. एका मावशींनी फक्कीच्या चौकोनात पाटी ठेवली, जरा बसून बघितलं आणि म्हणाल्या, “साहेब, मी रेघेच्या भाईर पाय बी टाकायची न्हाई. पण ह्या फटफट्या रेघेच्या आत आल्या तर त्यास्नी कोण सांगनार?” रास्त प्रश्न. गाड्या अडवायला फूटपाथवर रोवतात त्या बुटक्या खांबांमध्ये, बोलार्डमध्ये, १.२ मीटर फट ठेवावी लागते, नाहीतर व्हीलचेअर अडकते, आणि तेवढ्या फटीतून मोटारसायकल आरामात जाते. यावर मला सापडलेला उपाय एकच: फूटपाथच्या कडेला माणसं बसलेली असणं. मावशींसमोरून फटफटी घालायची हिंमत फार जणांची होत नाही.

एस्टिमेटमध्ये ही वाक्यं असतात का बघा

फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. आमच्याकडे गटार उंच म्हणून फूटपाथ दोन फूट उंच करायची खोड आहे. असा फूटपाथ म्हणजे दुकानदाराचा ओटा. त्यावर कुणी चढत नाही, सगळे खालून चालतात. प्रत्येक फाटकासमोर फूटपाथ खाली उतरवू नका. उतार दोन मीटरच्या पट्टीत द्या, चालणाऱ्याची पातळी सरळ राहू द्या. गल्लीच्या तोंडाशीही तसंच: फूटपाथ त्याच उंचीने पुढे न्यायचा, गाडीने चढून उतरायचं. शाळेसमोरचे पट्टेही अशाच उंचवट्यावर घेतले तर पट्टे आणि गतिरोधक एकाच खर्चात होतात.

गतिरोधकाबद्दल मात्र जरा बसून बोलू. आपल्याकडे रस्त्यावर डांबराचा वरंबा ओतला की झाला गतिरोधक. त्याने वेग कमी होतो तो मणक्याच्या भीतीने, आणि सायकलवाला कडेने खाली उतरून जातो. आयआरसी ९९ प्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर लांब, मधे १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. ताशी २५ च्या वेगाला तो फारसा त्रास देत नाही, पन्नासला टाळू छताला लागते. काम झाल्यावर तपासायचं ते असं: रस्त्याच्या दिशेने, जिथे चढ सुरू होतो तिथून जिथे उतार संपतो तिथपर्यंत टेप लावा, ३.७ यायला हवं. मग दोन्ही टोकांना दहा-दहा सेंटिमीटरचे ठोकळे ठेवून त्यांवर सुतळी ताणा. ती मधोमध डांबराला नुसती टेकली पाहिजे. आधीच चढली तर उंची जास्त, अधांतरी राहिली तर कमी. रोलरवाला निघून जायच्या आत हे करा. गटाराच्या बाजूला पाणी जायला थोडी फट हवीच, नाहीतर पहिल्या पावसात तळं.

जाळीचं झाकण असेल तर त्याच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या हव्यात. उभ्या असल्या की सायकलचं चाक अलगद आत.

गटारावरच्या फरशीचं वजन विचारा. हा प्रश्न मी नोकरीत कधी विचारला नाही. सव्वा मीटर बाय पाऊण मीटर, दहा सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची फरशी सव्वादोनशे किलोच्या पुढे जाते. ती दोन सफाई कामगार उचलणार कशी? ते घण घालतात, फोडतात, गाळ काढतात आणि भोक तसंच राहतं. आमच्या आजी अशाच भोकात पडल्या. तेवढ्याच जाडीची ६० बाय ६० सेंटिमीटरची फरशी नव्वद किलोची होते, दोघं मिळून उचलतात आणि परत ठेवतात. हूक मात्र फरशीच्या पातळीच्या आत बसवलेले हवेत, वर आले की चप्पल अडकते.

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं: ‘नवीन थर टाकण्यापूर्वी जुना थर मिलिंग करून काढण्यात यावा.’ मिलिंग म्हणजे यंत्राने खरवडणं. प्रत्येक कार्पेटने रस्ता तीन-चार सेंटिमीटर वर येतो. चार वेळा कार्पेट झालं की १५ सेंटिमीटरचा कर्ब डांबरात गडप होतो, चेंबरची झाकणं खड्डे होतात आणि पावसाचं पाणी दुकानात शिरतं. जिथे कर्ब नाही तिथे डांबराची धार उंच राहते, ट्रकला बाजू देताना सायकल तिच्यावरून घसरते. तिथे दर पावसाळ्यानंतर साइडपट्टीत मुरूम भरून दाबून घ्यावा लागतो.

आमचा रस्ता पूर्ण झालेला नाही. हायस्कूलपासून पाण्याच्या टाकीपर्यंत झाला, उरलेला पुढच्या यादीत आहे. झालेल्या भागात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वही घेऊन चालतो: किती फरश्या हलतात, किती दिवे बंद, कुठला पेव्हर ब्लॉक उचकटला. भाद्रपदाच्या आधी मात्र एक फेरी जास्त. मांडवाचे वासे रोवायला मंडळं फूटपाथ खणतात आणि विसर्जनानंतर खड्डे तसेच राहतात. गेल्या वर्षी मंडळाच्या पोरांना वाळू भरलेले पत्र्याचे डबे आणून दिले आणि वासे त्यांत उभे करायला लावले. अकरा दिवस एकही वासा हलला नाही. डबे माझ्या अंगणात आहेत, यंदा दुसऱ्या मंडळानेही मागितले आहेत.